स्वयंसेवकाला दारावरून आत घ्या

संगीत महोत्सवाच्या मंडपात शिरताना श्रोत्याची पहिली गाठ पडते ती एखाद्या महाविद्यालयीन मुलाशी किंवा मुलीशी. गळ्यात ओळखपत्र, अंगात महोत्सवाचे नाव छापलेला टी-शर्ट. ही मुले तिकिटे तपासतात, खुर्च्या दाखवतात, ज्येष्ठांना हाताला धरून रांगेपर्यंत नेतात, पाण्याची खोकी वाहतात. आत चाललेले गाणे त्यांच्या कानावर अर्धेमुर्धे पडते. तीन दिवसांनी प्रमाणपत्र मिळते, एक सामूहिक छायाचित्र निघते आणि विषय संपतो. मैफल उभी कशी राहते, हे त्यांना पहिल्या दिवशी जेवढे ठाऊक होते तेवढेच शेवटच्या दिवशीही ठाऊक असते.

यात मुलांचे नुकसान आहेच, पण त्याहून मोठे नुकसान कलासंस्थांचे आहे. गायक, वादक, नट घडावेत म्हणून महाराष्ट्राने विद्यालये काढली, स्पर्धा भरवल्या, शिष्यवृत्त्या दिल्या. कार्यक्रम आखणारा, पैसे उभे करणारा, कलाकाराशी बोलणी करणारा, हिशेब चोख ठेवणारा माणूस कुठून येणार, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. तो आपोआप तयार होतो, असेच धरून चालण्यात आले. आज अनेक गावांतल्या संगीत मंडळांत सतरंज्या घालण्यापासून देणग्या गोळा करण्यापर्यंत सगळे काम साठी-सत्तरीतली चार-सहा माणसे ओढताना दिसतात. त्यांच्यानंतर कोण? या प्रश्नाचे उत्तर दारावर ओळखपत्र घालून उभे आहे. त्याला आत घेतले पाहिजे.

हे होऊ शकते, याचा देशातला सर्वांत मोठा दाखला दिल्लीत घडला. किरण सेठ हे अभियंते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करत असताना त्यांनी तिथे डागर घराण्यातल्या उस्तादांचे धृपद ऐकले आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले. परतल्यावर सेठ आयआयटी दिल्लीत प्राध्यापक झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली. शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांत मोठमोठे कलाकार येऊन गाऊ-वाजवू लागले, आपल्या कलेविषयी मुलांशी बोलू लागले. प्रवेश विनामूल्य. कार्यक्रम घडवून आणणारे बहुतांशी विद्यार्थी आणि शिक्षक, तेही बिनपगारी. साडेचार दशकांनंतरही हा क्रम चालू आहे.

स्पिक मॅकेच्या कामात एक गोष्ट फार मोलाची आहे. तिथे कलाकाराचा दौरा आखला जातो. एका गावातून दुसऱ्या गावात, एका शाळेतून दुसऱ्या महाविद्यालयात जाताना कलाकारासोबत एखादा विद्यार्थी असतो. स्टेशनवर जाऊन पाहुण्याला उतरवून घेणे हे वरकरणी हरकाम्याचे काम वाटेल. पण गाडी तीन तास उशिरा आली तर पुढच्या शाळेतल्या मुलांचे काय करायचे, तंबोऱ्याची खोळ कोणी उचलायची आणि कशी धरायची, गायकाला कार्यक्रमाआधी किती वेळ हलके जेवण लागते, तबलजीची आणि गायकाची राहण्याची सोय सारखी आहे ना, हे सगळे त्या विद्यार्थ्यालाच बघावे लागते. मोटारीतल्या दोन तासांच्या गप्पांत त्याला जे कळते, ते व्याख्यानात मिळत नाही. कोणत्या गावचा श्रोता कसा आहे, कोणत्या सभागृहाचा आवाज घुमतो, आयोजकाच्या कोणत्या वागण्याने कलाकार दुखावतो, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते माणसाकडून माणसाकडेच जाते, आणि त्यासाठी सोबत असावी लागते.

२०२३ मध्ये या चळवळीचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन नागपूरच्या व्हीएनआयटीत भरले होते. अशा अधिवेशनात देशभरातून आलेली मुले संस्थेच्या आवारात एकत्र राहतात, पहाटे उठतात, दिवसा गुरूंकडे शिकतात आणि रात्री मैफली ऐकतात. यजमान संस्थेतल्या मुलांवर निवास, भोजन, वेळापत्रक, मंच हे सारे पडते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यातून काय मिळते, असे विचारणाऱ्याने तिथल्या एखाद्या समन्वयकाची वही उघडून पाहावी.

मुंबईतही असे उदाहरण आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात सत्तरच्या दशकात ‘इंडियन म्युझिक ग्रुप’ सुरू झाला. जानेवारीत होणारा ‘जॅनफेस्ट’ हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव तिथले विद्यार्थी उभा करतात. महाविद्यालयाच्या दगडी इमारतींमधल्या चौकात श्रोते बसतात आणि देशातले मानाचे कलाकार तिथे येऊन गातात. या गटाने ध्वनिमुद्रणांचा संग्रहही जपला आहे. महोत्सव संपला की काम संपत नाही. काय गायले गेले, कोणी साथ केली, मुद्रण कुठे ठेवले, याची नोंद हीसुद्धा कलासंस्थेची जबाबदारी असते, हे अठरा-वीस वर्षांच्या मुलांना तिथे कळते. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या महाविद्यालयांत असे गट का नसावेत? आर्ट सर्कल तर जवळपास प्रत्येक महाविद्यालयात असते. ते गॅदरिंगपुरते जागे होते, एवढेच.

नाटकाच्या क्षेत्राने मात्र ही वाट आधीच चोखाळली होती. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुण्यात ‘पुरुषोत्तम करंडक’ ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. तिने नट, दिग्दर्शक आणि लेखक दिले, हे सगळे सांगतात. तिने संघटक दिले, हे कमी सांगितले जाते. त्याच वातावरणात वाढलेल्या पिढीतल्या काहींनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे डॉक्टर होते, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. नाटकावर पोट नसलेल्या या माणसांनी ‘घाशीराम कोतवाल’सारखे भल्यामोठ्या संचाचे नाटक वर्षानुवर्षे चालवले आणि १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर नेले. एवढ्या कलाकारांचे पारपत्र, रजा, प्रवास, वाद्ये, वेशभूषा आणि पैसा यांचा मेळ घालणे हे दिग्दर्शनाइतकेच अवघड काम होते. पुढे याच संस्थेने नव्या नाटककारांसाठी योजना राबवल्या. आळेकरांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा दीर्घकाळ वाहिली. कलाप्रशासनाची ही मराठी परंपरा आहे, आणि तिची मुळे महाविद्यालयाच्या तालमीच्या खोलीत आहेत.

मग आज मुलांना शिकवायचे तरी काय? खूप काही, आणि ते बरेच बारकाव्याचे आहे.

तंबोऱ्यापासून सुरुवात करता येईल. ग्रीनरूममध्ये उकाडा आणि मंचावर वातानुकूलन असेल तर आत जुळवलेला तंबोरा बाहेर आणल्यावर हलतो, तबल्याची पुडीही हलते. म्हणून वाद्ये मंचावर आधी नेऊन ठेवावी लागतात. हे ज्याला माहीत आहे तो स्वयंसेवक कलाकाराची वीस मिनिटे वाचवतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगली-कोल्हापूरच्या महाविद्यालयांनी आपल्या स्वयंसेवकांना तिथल्या कारागिरांकडे एक दिवस नेले, तर जवारी म्हणजे काय, तार तुटली तर काय करायचे, वाद्य गाडीत कसे ठेवायचे, हे मुलांना प्रत्यक्ष पाहता येईल.

ध्वनिव्यवस्थेचे तसेच. साउंड चेकच्या वेळी तंत्रज्ञ, गायक आणि आयोजक यांच्यामध्ये उभे राहून कोणाला काय हवे आहे ते दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगणारा माणूस लागतो. गायक म्हणतो, तंबोरा ऐकू येत नाही. तंत्रज्ञ म्हणतो, मॉनिटर चालू आहे. दोघेही खरे बोलत असतात. गायकाच्या कानापर्यंत तंबोरा पोहोचला की नाही, हे मंचावर त्याच्या जागी बसून पाहावे लागते. संगीत शिकणारा विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतो, कारण त्याला दोन्ही बाजूंची भाषा कळते.

वेळेचे गणित सर्वांत कठीण. ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. १९५३ मध्ये सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगत असे. आता अशा महोत्सवांना घड्याळाकडे बघत गाणे ऐकवावे लागते. सर्वांत ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतात. आधीच्या दोघांनी पंधरा-पंधरा मिनिटे जास्त घेतली, वर एखादा सत्कार लांबला, की ज्येष्ठांच्या वाट्याला तुटपुंजा वेळ उरतो. तरुण कलाकाराला मंचावरून उठायची खूण कोणी आणि कशी करायची? सत्काराची यादी कोणी छाटायची? हे निर्णय घेताना मंचामागे उभा असलेला विद्यार्थी रागसमयाविषयी, माणसांच्या मानाविषयी आणि नियमांविषयी एकाच वेळी शिकत असतो. त्याला त्या चर्चेत बसू मात्र दिले पाहिजे.

पैशाचे काम तर मुलांपासून लपवूनच ठेवले जाते. ते चूक आहे. २०१७ च्या जीएसटी अधिसूचनेने लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला करातून सूट दिली. संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर २०१८ पासून त्यालाही सूट मिळाली. पुढच्या रांगेचे तिकीट ५०० ठेवायचे की ८००, हा प्रश्न म्हणूनच केवळ हावरेपणाचा किंवा उदारपणाचा नसतो. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या संस्थेला लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे द्यावे लागतात. भावगीतांचा कार्यक्रम असेल तर गीतकार-संगीतकाराच्या हक्कांचा विचार करावा लागतो, कारण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हे हक्क टिकतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा सगळा हिशेब एकदा करायला दिला तर त्याला कलाक्षेत्रात आपल्यासाठी काही काम आहे, हे पहिल्यांदाच उमगेल. कलेच्या जगात येण्यासाठी गळा लागतो, हा समज इतका घट्ट आहे की हिशेबात हुशार असलेली किती तरी रसिक मुले या क्षेत्राकडे वळतच नाहीत.

आणखी एक लहान वाटणारे काम: नावे. जाहिरातीत गायकाचे नाव मोठे आणि साथीदारांची नावे गायब, हे अजूनही घडते. हार्मोनिअम, तबला, तानपुऱ्यावर साथ करणाऱ्या शिष्या यांची नावे अचूक लिहून घेणे, निवेदकापर्यंत पोहोचवणे आणि छापील पत्रिकेत तपासणे, हे काम एका विद्यार्थ्याच्या अंगावर पूर्णपणे सोपवले, तर तो ते जीव लावून करतो. जबाबदारीला सीमा असली आणि ती आपलीच आहे हे कळले, की वीस वर्षांचा मुलगाही चुकत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. विद्यार्थ्यांकडून एवढी कामे करून घ्यायची, तर त्यांना पैसे का नकोत? अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल न्यायालयात लागला. ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटाच्या निर्मितीत विनावेतन उमेदवारी केलेल्या तरुणांनी २०११ मध्ये फॉक्स सर्चलाइट या कंपनीवर दावा लावला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला, पण एक कसोटी घालून दिली: या व्यवस्थेचा मुख्य लाभ कोणाला होतो, उमेदवाराला की कंपनीला? त्याला शिकवले जाते का, कामाचा त्याच्या शिक्षणाशी संबंध आहे का, त्याच्यामुळे पगारी माणसाची जागा जाते का, हे त्यात पाहायचे.

आपल्याकडच्या प्रत्येक महोत्सवाने ही कसोटी स्वतःला लावावी. तीन दिवस दारावर उभे राहिलेल्या मुलाला त्यातून काय मिळाले? सुरक्षारक्षकाचे किंवा सफाई कामगाराचे पैसे वाचवण्यासाठी विद्यार्थी घेतले असतील, तर ती सेवा नव्हे, फुकटची मजुरी आहे. प्रायोजकांचे फलक लावलेल्या, तिकीट विकून चालणाऱ्या कार्यक्रमात तर याला कोणतीही सबब चालणार नाही. लहान संस्थांची ओढाताण खरी आहे. त्यांच्याकडे मानधनाला पैसे नसतात. पण प्रवासखर्च, पोटभर जेवण आणि रात्री घरी पोहोचण्याची सोय एवढे तरी प्रत्येक संस्थेला जमलेच पाहिजे. ते न केल्याचा परिणाम ठरलेला आहे: ज्यांच्या घरी पैशाची चिंता नाही अशीच मुले येतात. सकाळी महाविद्यालय आणि संध्याकाळी दुकानात काम करणारी मुलगी विनामूल्य तीन दिवस देऊ शकत नाही. मग उद्याचे आयोजकही एकाच थरातून येतात, आणि आपल्याकडे श्रोते का वाढत नाहीत, असे विचारत बसतात.

सुरक्षेबाबतही ढिलाई नको. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी कर्मचाऱ्यांपुरता नाही. स्वेच्छेने, विनावेतन काम करणारी आणि प्रशिक्षणार्थी महिलाही त्याच्या कक्षेत येते. रात्री उशिरा कलाकाराला हॉटेलवर सोडण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थिनीवर टाकणाऱ्या आयोजकांनी हे नीट लक्षात घ्यावे. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी पहिल्याच बैठकीत सांगितला गेला पाहिजे. कलाकार कितीही मोठा असला तरी या नियमाला अपवाद नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक दार उघडले आहे, ते संस्थांनी ओळखायला हवे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये स्वीकारलेल्या पदवीच्या श्रेयांक आराखड्यात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि सहअभ्यासक्रम यांना जागा आहे. कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक आणि श्रेयांकामागे ३० तास धरले तर १२० तास होतात. राष्ट्रीय सेवा योजनेतही स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. एवढ्या तासांत एक विद्यार्थी एका महोत्सवाचे संपूर्ण चक्र पाहू शकतो: जुलैमधली कार्यक्रम समितीची बैठक, कलाकारांना पाठवलेली पत्रे, प्रायोजकांचे नकार, परवाने, प्रसिद्धी, प्रत्यक्ष दिवस, आणि शेवटी बिले चुकती करून बंद केलेला हिशेब. आज हे विद्यार्थी बहुधा बँकेत किंवा एखाद्या कंपनीत कागद लावायला जातात. रत्नागिरीच्या आर्ट सर्कलसारखी थिबा राजवाड्याच्या परिसरात संगीत महोत्सव भरवणारी संस्था, कोल्हापूरचा जुना देवल क्लब, गोव्यात पणजीला २०१६ पासून भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव ही कामाची ठिकाणे का ठरू नयेत?

यात एक धोका आहे. श्रेयांक आले की सह्या आणि शिक्केही येतात. न केलेल्या कामाचे तास भरले जातील, तर सगळेच मुसळ केरात. म्हणून संस्थेने विद्यार्थ्याला सुरुवातीलाच लेखी सांगावे: तुझे काम हे, ते शिकवणारी व्यक्ती ही, तुझे तास इतके. प्रमाणपत्रावर ‘मोलाचे सहकार्य केले’ असे न लिहिता ‘साथीदारांचे वेळापत्रक सांभाळले’, ‘तिकीटविक्रीचा हिशेब ठेवला’ असे लिहावे. नोकरीच्या मुलाखतीत अशा एका ओळीचा खरा उपयोग होतो. आणि पुढच्या वर्षी त्याच विद्यार्थ्याला नव्या मुलांचा प्रमुख करावे, तिसऱ्या वर्षी कार्यक्रम समितीत एक जागा द्यावी, मताच्या अधिकारासह. तरुण मुले समितीत बसली की कोणाला बोलवायचे यावरही वाद होतील. व्हायलाच हवेत.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांनाही थोडे बदलता येईल. तिथे गायन, नृत्य, वक्तृत्व, नाट्य यांना पारितोषिके असतात. उत्तम मंचव्यवस्थेला, वेळ पाळणाऱ्या संघाला, स्वच्छ हिशेबालाही एक पारितोषिक ठेवावे. खर्च नगण्य, पण या कामाला प्रतिष्ठा मिळेल.

दिवाळीनंतर राज्यात संगीत महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. ज्या संस्थांनी अजून स्वयंसेवकांची यादी केलेली नाही, त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पत्र लिहावे आणि पत्रात किती मुले हवीत एवढेच न सांगता कोणती पाच कामे शिकवणार, कोण शिकवणार आणि प्रवास-जेवणाची सोय काय, हे स्पष्ट लिहावे. आणि प्राचार्यांनी अशा तपशिलाशिवाय आलेल्या पत्रावर एकही विद्यार्थी पाठवू नये.